रडण्याची तालीम

दचकू नका. समोर हिरवा ठिपका लागला ना, तो मीच. मी वेबकॅम बोलतोय. बोटाच्या पेराएवढा डोळा, खाली चिमट्यासारखे दोन पाय आणि मागे लोंबणारी वायर, एवढाच माझा संसार. तुम्ही खुर्ची पुढे ओढून नीट बसेपर्यंत माझं थोडं ऐकून घ्या. त्यात तुमचंच भलं आहे. घाबरला असाल तर घाबरा खुशाल. मीही घाबरलेलाच असतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. माझी वायर जोडलेली असली की मला दिसतं आणि ऐकू येतं. हिरवा दिवा लागला की मी जे बघतो ते साठतंही. आणि वायर उपटली की मी मेलो. ना डोळा, ना कान. मधलं काही नाही. पापणी देवाने तुम्हाला दिली, मला दिली नाही. नको असलेलंही मला बघावंच लागतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पहिल्यांदा डोळा उघडला तेव्हा समोर एका बाईचा डोळा होता. माझ्या भिंगावर धूळ आहे का ते ती बघत होती. तिने हळूच फुंकर घातली, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. जगात माझ्या डोळ्याला डोळा भिडवणारं माणूस फार विरळा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही सगळे माझ्या खाली बघता. पडद्यावरच्या माणसाकडे, नाहीतर पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःकडे. केस सारखे करता, दात बघता, हनुवटी वर करून बघता. मी दोन बोटं वर असतो, पण माझ्याकडे कुणी बघत नाही.

मला विकत घेणारे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांची बायको परिचारिका होती आणि तिला लांबच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली होती. "आठवड्यातून एकदा तरी तोंड दिसलं पाहिजे तिचं," मला जोडून दाखवणाऱ्या दुकानदाराला ते म्हणाले, "नाहीतर पोरं मलाच आई म्हणायला लागतील."

घरी माणसं चार. बाबा, थोरला मुलगा, त्याला सगळे दादा म्हणायचे, धाकटी मुलगी, जी इतकी हडकुळी की बाबा तिला काडी म्हणायचे, आणि आजोबा. मुलांच्या खोलीत एका टेबलावर जाडजूड संगणक होता. त्याच्या पडद्याच्या डोक्यावर मला चिमटवलं आणि तिथून माझी नोकरी सुरू झाली.

सुट्टीच्या दिवशी आई पडद्यावर आली की घर माझ्यासमोर गोळा व्हायचं. आई लांब आहे म्हणजे आवाजही लांब पोचवायला हवा, असा बाबांचा पक्का समज. ते असे ओरडायचे की माझा कान फाटायचा. "अहो, मी बहिरी नाहीये," आई म्हणायची, "बहिरे मामंजी आहेत." मग आजोबा पुढे सरकायचे. त्यांच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. ते वाकले, कुणी त्यांना मिठी मारली किंवा कानावर हात आला की ते यंत्र बारीक शिट्टी मारायचं. कूंऽऽ. मी दर वेळी दचकायचो. काडी मात्र मुद्दाम त्यांच्या गळ्यात पडून कान दाबायची. "वाजली! आजोबांची गाडी सुटली!"

"सोड गं भवाने, कान फुटेल," ते म्हणायचे, पण सोडवून घ्यायचे नाहीत.

काडी तेरा वर्षांची झाली आणि तिला भीती लागली. कशाची, ते विचारू नका. सगळ्याची. मैत्रिणीला फोन करायची भीती, दुकानात जाऊन सुटे मागायची भीती, वर्गात नाव पुकारलं की "हजर" म्हणायची भीती. त्यावर तिने स्वतःच एक तोडगा काढला. दार लावून ती माझ्यासमोर बसायची, हिरवा दिवा लावायची आणि बोलायचं असेल ते आधी माझ्याशी बोलून बघायची.

"अगं, मला उद्या यायला जमणार नाही. नाही, असं नाही. परत. अगं ऐक ना, मला उद्या..."

मग ती ते चालवून बघायची, नाक मुरडायची, पुसून टाकायची. पुन्हा करायची. मनासारखं जमलं की तेही पुसायची आणि उठून खरोखरच्या माणसाशी बोलायला जायची. पुसणं हा त्यातला मुख्य भाग होता. न पुसता ती कधी उठली नाही. आणि तालीम चालू असताना ती थेट माझ्या डोळ्यात बघायची. त्या फुंकरवाल्या बाईनंतर तीच. मला तेव्हा वाटायचं, आपण उगाच जन्माला आलो नाही.

आजोबा गेले ते झोपेत. सकाळी बाबा चहा घेऊन गेले आणि कप तसाच हातात धरून परत आले.

दिवसभर माणसं येत-जात होती. उघड्या दारातून मला काडी दिसत होती. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिला रडूच येईना. आतून गोठली होती ती, पण गोठलेलं कुणाला दिसतं? शेजारच्या मावशी दाराआड कुणाला तरी म्हणाल्या, "पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही बघ. आणि म्हातारा जीव टाकायचा हिच्यावर!" दार मुलांच्या खोलीचं होतं. मी ऐकलं. काडीनेही ऐकलं.

ती आत आली, कडी लावली, खुर्चीत बसली. संध्याकाळी आई येणार होती. आईनेही असंच म्हटलं तर? तिने दिवा लावला आणि रडायची तालीम सुरू केली.

तोंड वाकडं केलं. हुंदका काढून बघितला. "आजोबाऽऽ... नाही, असं नाही. परत." डोळे चोळले. खांदे हलवले. "आजोबाऽऽ... नाही. असं नाही. परत!" शपथेवर सांगतो, मी हसलो नाही. पण कुणी काही ठाऊक नसताना ते बघितलं असतं तर हसू आलं असतं, हेही खरं.

मग तिने रुमालासाठी टेबलाचा खण उघडला. खणात आजोबांचं कानातलं यंत्र होतं. सकाळी कुणीतरी त्यांच्या कानातून काढून तिथे ठेवलं होतं, बंद न करता. काडीने ते उचललं आणि मुठीत धरलं.

कूंऽऽ.

ती क्षणभर हललीसुद्धा नाही. मग मूठ छातीशी धरून टेबलावर कोसळली आणि जे रडली, ते मला सांगता येणार नाही. आवाजसुद्धा नव्हता त्याला. मध्येच मूठ सैल व्हायची, शिट्टी थांबायची. ती पुन्हा आवळायची.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. "आई आली, आई आली!" काडी तशीच धावली. तोंड न पुसता. आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यातलंही न पुसता.

थोड्या वेळाने दादा आला. आजोबांचा एखादा चांगला फोटो मोठा करून आणायला त्याला सांगितलं होतं. तो संगणकात फोटो शोधायला बसला आणि त्याला ते चित्रीकरण सापडलं. दादा तेव्हा सोळाचा. ओठावर मिशीची रेघ आणि सतत मित्रांना हसवायची घाई. माझा दिवा बंद होता, पण वायर जोडलेली होती. त्याचा चेहरा माझ्यासमोर हातभर अंतरावर होता.

आधी तो हसला. तोंडावर हात धरून, खांदे उडवत. मग शिट्टी वाजली. त्याचं हसू उतरलं. त्याने पुढचं सगळं बघितलं, अगदी काडी धावत जाते तिथपर्यंत. हात तोंडावर तसाच होता. मला वाटलं, आता हा पुसेल.

त्याने पुसलं नाही. शिट्टीच्या आधीपर्यंतचा तुकडा कापला आणि मित्रांच्या गटात टाकला. उरलेलं हसण्यासारखं नव्हतं ना!

तुम्हाला सांगायला नको, असा तुकडा कसा पसरतो ते. मित्राने मित्राला, त्याने शाळेला, शाळेने गावाला. कुणी त्याला ढोलकी लावली. कुणी काडीच्या तोंडाच्या जागी मांजराचं तोंड बसवलं. हरलेल्या खेळाडूंच्या, रडव्या पुढाऱ्यांच्या फोटोंखाली, सगळीकडे ती एकच ओळ: "असं नाही. परत!" तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, चेहरा सगळ्यांना माहीत होता. शाळेच्या जिन्यात ती दिसली की वरच्या मजल्यावरून आवाज यायचा, "असं नाऽऽही!" आणि खालून उत्तर, "परऽऽत!"

घरात कळलं तेव्हा बाबा कामावरून नुकतेच आले होते. त्यांनी पिशवीतून लिफ्टच्या वायरींना लावायची काळी चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि माझ्या डोळ्यावर फर्रकन लावली.

अंधारात मला फक्त ऐकू येत होतं. "मी फक्त एकाला पाठवलं," दादा म्हणत होता. "पुढे त्याने केलं सगळं. आणि मी एवढंच बघितलं होतं. आईशपथ. तेवढंच बघून बंद केलं."

काडी एवढंच म्हणाली, "सगळ्यांना वाटतं मी नाटक केलं."

"तू होतीस की नाटक करत," दादा म्हणाला.

त्यानंतर त्या खोलीत त्या दोघांचं या विषयावर बोलणं झालं नाही. पुढे इतर विषयांवरचंही कमी होत गेलं. मग माझी वायर काढली गेली आणि मी गेलो माळ्यावर.

वर्षं गेली. किती ते मला सांगता येणार नाही. मेलेल्याला कसलं आलंय कॅलेंडर! जाग आली तेव्हा कुणीतरी नखाने ती पट्टी खरवडत होतं. चिकटपणाचा थर, मग उजेड, आणि उजेडात एक डोळा. माझ्या डोळ्यात थेट बघणारा. काडी! केस कानापर्यंत कापलेले, बोटांना रंग, नखं अजून कुरतडलेली.

"ओळखलंस का रे?" ती म्हणाली आणि भिंगावर फुंकर घातली.

ती कलाकार झाली होती. वर्तमानपत्रात तिच्याबद्दल 'बहुमाध्यमी कलाकार' असं छापून आलं होतं, आणि बाबा ते कात्रण घेऊन तिच्या कामाच्या खोलीत आले होते. "म्हणजे तू नक्की काय करतेस?"

"सगळं थोडं थोडं, बाबा. चित्र, आवाज, शिवण, व्हिडिओ."

"मग कधीतरी झाडलोटही थोडी थोडी कर," बाबा खोलीकडे बघत म्हणाले.

ती काय करायची ते मी बघत होतो. आपल्या त्या तुकड्याखाली अनोळखी लोकांनी लिहिलेली वाक्यं ती उशीच्या अभ्र्यांवर सुईदोऱ्याने काढायची. "हिला एक थोबाडीत द्या म्हणजे खरं रडेल," हे वाक्य निळ्या दोऱ्यात, फुलापानांच्या वेलबुट्टीत. ते अभ्रे घातलेल्या उशा प्रदर्शनात ठेवल्या की लोक आधी जवळ जाऊन "किती सुरेख" म्हणायचे आणि मग वाचायचे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना ती भेटायची, त्यांच्या खोल्यांचे आवाज गोळा करायची: दाराची कडी, फोनची थरथर, पांघरुणाखालचा श्वास. ती बघायची सगळं, दाखवायची निम्मं. स्वतःचा तुकडा तिने कधीच कुठे लावला नाही.

आता तिचं मोठं प्रदर्शन होणार होतं. त्यासाठी तिने जुना संगणक शोधून काढला, दुरुस्त करून घेतला आणि त्याच्या पोटात तिला ते अख्खं चित्रीकरण मिळालं. तिने ते माझ्यासमोरच लावलं. सगळं बघितलं. डोळे कोरडे होते.

प्रदर्शनाचं दालन चालवणाऱ्या बाई तिच्या शेजारी बसून बघत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला. "काडी, हे लाव. पूर्ण. भिंतभर. लोकांना कळू दे, खरं काय होतं ते."

"कुणाला पटवायचंय, बाई? माझं रडणं खरं होतं याचा पुरावा द्यायचा, तोही रडून? मी तेव्हाही हेच करत होते."

"अगं, जग बघेल."

"जगाने बघितलंय."

बाई हसल्या. "हट्टी आहेस. पण शेवटच्या क्षणी मन बदललं तर सांग हो."

त्या चित्रीकरणातून तिने एकच गोष्ट घेतली: ती शिट्टी. बाकीचं सगळं पुसलं.

तिने दालनात लाकडी फळ्यांची एक छोटी खोली उभी केली. आत तेच टेबल, तोच संगणक, वर मी, समोर खुर्ची, खुर्चीच्या मागे जाड पडदा. बाहेर पाटी: 'जे सांगायची भीती वाटते, त्याची इथे तालीम करा. उठलात की पुसलं जाईल.' माणूस बसला की माझा दिवा लागणार. तो उठला की सगळं पुसलं जाणार आणि पुसलं गेल्याची खूण म्हणून आत आणि बाहेर ती शिट्टी वाजणार. बाहेरच्या मोठ्या भिंतीवर फक्त एक फोटो: हीच खुर्ची, रिकामी. आत कोण काय बोलतंय ते बाहेर कधीच दिसणार नाही. सगळ्या कामाचा जीव त्यात होता. पोरींना तिने तसा शब्द दिला होता. ज्यांच्या खोल्यांचे आवाज तिने गोळा केले होते त्या पोरी पहिल्याच दिवशी येऊन बसणार होत्या.

आता जे झालं ते सांगतो आणि मला अजूनही घाम फुटतो, घाम नसूनही.

सकाळी भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टरवाला आला. फोटोचा पेनड्राइव्ह कुठल्या तरी दुसऱ्या डबीत राहिला होता आणि त्याला प्रकाशाचा अंदाज घ्यायचा होता. "सध्या याच कॅमेऱ्याचं थेट चित्र जोडतो," तो मदतनिसाला म्हणाला. "रिकामी खुर्ची ती रिकामी खुर्ची. कुणाला कळतंय? फोटो नंतर टाकू." शिट्टी बाहेर ऐकू जायची होती म्हणून त्याने आवाजही जोडला. मग तो जेवायला गेला. परत आला तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी जळल्याचा वास येत होता, तो तिकडे धावला आणि फोटो राहिलाच.

भिंतीवर रिकामी खुर्ची होती. काडी दहादा तिथून गेली. दर वेळी मान वर करून बघितली, दर वेळी समाधानाने पुढे गेली. कुणी बसेपर्यंत थेट चित्र आणि फोटो यांत फरक काय? खुर्चीमागच्या पडद्याला एक फट होती. त्या फटीतून मला बाहेरची भिंत दिसत होती, भिंतीवर माझी खुर्ची, खुर्चीमागे पडदा, पडद्याला फट, फटीत पुन्हा इवलीशी भिंत. मी मलाच बघत होतो. ओरडावं कसं? मला कान आहे, तोंड नाही.

संध्याकाळी माणसं जमली. पेले किणकिणले, कुणीतरी भाषण केलं. त्या पोरी घोळक्याने भिंतीशी उभ्या होत्या, एकमेकींना ढकलत. "तू जा आधी." "मी नाही बाई, तू जा." त्यातली एक पडद्यापर्यंत आली. बारकी, दातांना तार लावलेली. तिने पडदा धरला आणि माझा जीव गोळा झाला. बसू नकोस, बसू नकोस.

"एक मिनिट, बाळ. मी जाऊन येऊ का आधी?" पडद्यापलीकडून कुणीतरी म्हणालं. पोरगी सुटल्यासारखी मागे सरली.

आणि दादा आत येऊन खुर्चीत बसला.

मिशी आता रेघ राहिली नव्हती. पोट सुटलं होतं. इस्त्रीच्या शर्टाची बाही तो सारखा ओढत होता. माझा हिरवा दिवा लागला तसा तो दचकला, आणि मग हळूहळू मान वर करून त्याने माझ्या डोळ्यात बघितलं. तोही. पहिल्यांदाच.

"तूच ना रे?" तो म्हणाला. "अजून जिवंत?"

फटीतून मला भिंत दिसत होती. भिंतीवर त्याचा चेहरा दोन मजले उंच होता. माणसांच्या माना एकेक करून वर वळत होत्या. त्यांना वाटलं, हाच तर कार्यक्रम!

"काडी," दादा म्हणाला. घसा खाकरला. "काडी, मला तुला एक सांगायचंय. म्हणजे तेव्हा मी... माझं वय काय होतं..." त्याने कपाळ पुसलं. "नाही. असं नाही. परत."

बाहेर हशा फुटला. मोठा. ओळखीचा. सगळ्यांना ती ओळ पाठ होती ना! कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. दादाला पडद्यातून गलका ऐकू आला, पण समारंभाचा गलका म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. स्वतःच्या तोंडून काय निघालं तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"काडी, मी खोटं बोललो. मी तेवढंच बघितलं असं सांगितलं ना? मी सगळं बघितलं होतं. शिट्टी वाजली तिथे मला... मलाही आजोबा..." तो ओठ चावत होता. "मला माहीत होतं की तू खरी रडलीस. ते ठेवलं असतं तर कुणी हसलं नसतं. म्हणून मी कापलं."

बाहेर आता कुणी हसत नव्हतं.

पडद्याजवळ चपलांची धावपळ आली. मग बाईंचा दबका आवाज. "थांब. काडी, थांब जरा. बघ लोक कसे ऐकताहेत. अगं, असं परत मिळणार नाही."

"सोडा हात."

"त्याने तुझं काय केलं होतं, आठव. तुझ्या जागी मी असते तर थांबवलं नसतं त्याला. आता दोन मिनिटं तूही थांबवू नकोस."

मला फटीत काडीचं मनगट दिसलं. त्यावर बाईंची बोटं. मग मनगटाने ओढ घ्यायचं थांबवलं. एक श्वास, दोन श्वास. खोटं कशाला बोलू? ती थांबली होती. एवढी वर्षं तिला हेच हवं होतं. कुणीतरी, सगळ्यांसमोर, हे म्हणावं. आणि तो म्हणत होता. भिंतभर. तिला काही करायचंही नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

आत दादा रडायला लागला. तोंड वाकडं झालं, नाक वाहायला लागलं, कुणी बघत नाही अशा खात्रीने माणूस रडतो तसा. भिंतीपाशी ती तारवाली पोरगी उभी होती. तिने फोन वर धरला, भिंतीकडे.

पडदा दांडीसकट खाली आला. काडी आत घुसली. दादाने अर्धवट मान वळवली, तिच्या खांद्यावरून त्याला बाहेर स्वतःचा रडका चेहरा दिसला, दोन मजले उंच. त्याने तोंड उघडलं. काडीचा हात माझ्यावर आला.

तिने मागची वायर धरली आणि उपटली.

त्यानंतर काय झालं ते मला माहीत नाही. भावंडं काय बोलली, ओरडली, की बोललीच नाहीत, बाईंनी काय सांगून लोकांना घरी पाठवलं, त्या पोरीने फोनमधलं पुसलं का, मला काही ठाऊक नाही. ज्याने सगळं बघितलं तोच तेवढ्यापुरता मेलेला होता. आणि खरं सांगू? बरं झालं. पहिल्यांदाच त्या दोघांच्या मध्ये मी नव्हतो.

जाग आली तेव्हा दिवस होता. दालन रिकामं होतं. पडदा पुन्हा टांगलेला, फट शिवून टाकलेली. काडी स्टुलावर बसून नख कुरतडत होती. दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, बसला नव्हता. शर्ट कालचाच.

"तू मुद्दाम केलं नाहीस, हे मी कशावरून मानायचं?" तो म्हणाला. आवाज बसला होता.

"नको मानूस."

"प्रोजेक्टरवाल्याची चूक म्हणे. कोण विश्वास ठेवेल?"

"कुणी नाही," काडी म्हणाली. "माझ्यावर पण नव्हता ठेवला."

दादा बाही ओढत राहिला. "फिटंफाट झाली म्हणायची मग."

"नाही झाली. मी वायर काढली, दादा."

"उशिरा काढलीस."

काडीने त्याच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "उशिरा काढली."

मला वाटलं, आता तो जाईल. तो गेला नाही. पँट सावरत गुडघ्यांवर बसला, पोट आड येत होतं तरी. माझी वायर हातात धरली आणि चिमटीतून सरकवत टेबलाखाली शिरला. "ही कुठवर जाते?" आतून आवाज आला.

"संगणकापर्यंत. तिथे संपायला हवी."

"हवी म्हणजे? बघतो." आणि तो बघत गेला. रांगत, संगणकापर्यंत वायर न सोडता, आणि मग त्याच्याही पुढे. टेबलाखालून फळीपाशी, फळीतल्या भोकापाशी, तिथून बाहेर भिंतीपर्यंत. त्या भोकातून काल संगणकापासून प्रोजेक्टरकडे एक दुसरी वायर गेली होती. आज ती नव्हती. तरी त्याने भोकात बोट घालून बघितलं. मग खिशातून काळी चिकटपट्टीची गुंडाळी काढली, दातांनी तुकडा तोडला, अगदी बाबांसारखा, आणि ते भोक बुजवलं.

"बाबांच्या पिशवीतली आहे का ती?" काडीने विचारलं.

"हं. विचारत होते कशाला हवी म्हणून."

"काय सांगितलंस?"

"अजून काही नाही." तो उठून गुडघे झाडत म्हणाला. "तालीम करायला लागेल."

काडी हसली नाही. पण नख तोंडातून काढलं.

तेव्हापासून मी इथे आहे. चिकटपट्टीचा एक तुकडा माझ्या डोक्यावर, भिंगाच्या जरा वर, चिकटवून ठेवलाय. हवी तेव्हा खाली ओढायची, पापणीसारखी. ही काडीची कल्पना. ज्या पोरीला डोळा नको असेल ती पट्टी ओढून नुसतं बोलते. तारवाली पोरगीही येऊन गेली एकदा. काय बोलली ते सांगणार नाही. ती उठली, शिट्टी वाजली आणि माझ्यातून ते पुसलं गेलं. बाहेर भिंतीवर आता फोटोच आहे. रोज दार उघडायच्या आधी काडी खुर्चीत बसून हात हलवते आणि दादा बाहेर उभा राहून भिंतीकडे बघतो. खुर्ची रिकामीच दिसली की तो ओरडतो, "रिकामी!" मग पाटी लावतात. दोघांत एवढंच बोलणं होतं काही दिवस, पण रोज होतं.

आता तुमची पाळी. बसलात ना नीट? जे घोकायचं ते घोका. रागावणं असेल, माफी असेल, "मला नको आहे" एवढंच असेल. तोंड वाकडं झालं तरी चालेल, परत करा, हवं तितक्यांदा. पण माझ्यावर विसंबू नका. मी चांगल्या घरचा आहे, पण मी डोळा आहे, आणि डोळ्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे डोळ्याला कळत नाही. तेव्हा बोलण्याआधी एकदा खाली वाका. वायर चिमटीत धरा आणि ती कुठवर जाते ते स्वतः बघून या.

जा. मी इथेच आहे, थांबतो.